तक्त्यावरची अक्षरं

लाँगइयरब्येन, २१ ऑगस्ट

प्रिय बाबा,

तुमचा खोकला थांबला असेल आणि आत्या तुम्हाला खारवलेला मासा बेतानेच वाढत असेल, अशी आशा. मी ठीक आहे. अक्षरं मुद्दाम मोठी काढलीत. पानं जास्त झाली म्हणून रागावू नका.

या खेपेला आपली शिडाची 'हावेला' हॉलंडच्या पाच जणांनी अकरा दिवसांसाठी भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "पोरी, कप्तान कुठाय?"

"मीच."

"मग स्वयंपाक कोण करतं?"

"तोही मीच."

"मग आम्ही आपले पोहतच जातो!"

सगळे हसले. मीही हसले, आणि आत जाऊन जीवरक्षक जाकिटं चौथ्यांदा मोजली.

तुमच्या वेळेपासून बोटीवर असलेले ओडलाइफकाका मात्र हसले नाहीत. धक्क्यावरून निघताना मी बोट डावीकडे वळवली होती. उजवीकडे मोठं जहाज उभं होतं. पुस्तकाप्रमाणे तेच बरोबर. काकांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "सूर्याच्या उलट! अपशकुन! तुझ्या बापाने चाळीस वर्षांत एकदाही असं केलं नाही. त्याला बोटीवरून उतरवलंस, आता त्याची रीतही उतरव."

ते सहज बोलले असतील. पण पुढे दोन दिवस आमचं बोलणं कामापुरतंच झालं. इथे अजून सूर्य मावळत नाही, त्यामुळे दिवस संपतही नाही.

सहाव्या दिवशी हिमनदीजवळ बर्फाचा एक तुकडा समोर आला. काचेसारखा, पाण्याच्या पातळीला. दोन बोटींच्या लांबीइतक्या अंतरावर असताना मला दिसला. मी सुकाणू फिरवलं, तो बाजूने खरवडत गेला. पाहुण्यांनी फोटो काढले. "डोळे आहेत पोरीला," एवढंच काका म्हणाले.

बाबा, तुम्हाला तो दिसला नसता.

आत्या, इथून पुढचं तूच त्यांना वाचून दाखवत असणार. थांबू नकोस.

मार्चमध्ये, कप्तानाच्या परवान्यासाठीच्या तपासणीआधी, तुम्ही मला दवाखान्यातला डोळे तपासायचा तक्ता कागदावर उतरवून आणायला सांगितलात. घरात शाळा पुरी केलेली मी पहिली, म्हणून लिहिण्यावाचण्याचं सगळं माझ्याकडेच. मी आणला. आठवडाभर तुम्ही स्वयंपाकघरात ती अक्षरं पाठ केलीत आणि मी चुका काढल्या. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वेगळाच तक्ता लावला. तुम्ही जुनीच अक्षरं म्हणत गेलात, एकही न चुकता.

परतताना गाडीत म्हणालात, "ही नवी बाई खडूस दिसते."

मी म्हटलं, "हो."

तक्ता बदला, असं आदल्या दिवशी फोन करून त्यांना मीच सांगितलं होतं.

ते मी पुन्हाही करीन. पण ते "हो" मला म्हणायला नको होतं. तेव्हापासून तुम्ही त्या बाईंना शिव्या देता, आणि मी तुम्हाला कॉफी ओतते.

चौदा सप्टेंबरला दुपारी आम्ही घरी, शेर्वोयला पोचू. धक्क्याला लागण्याआधी मी बोट एकदा पूर्ण उजवीकडून फिरवीन, सूर्याबरोबर. बघायची गरज नाही. 'हावेला'चं इंजिन तुम्हाला आवाजावरून कळतं. दोर घ्यायला धक्क्यावर कुणीतरी लागेल. तुम्ही असलात तर हाक मारून तुमच्याच हातात फेकीन. नसलात तर काका उडी मारतील. त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.

मी हाक मारीनच, तुम्ही असा वा नसा.

गाडीत तुम्हाला "हो" म्हणालेली,
सिन्नोवे