फुलांचा रविवार आणि शेजारची एक

प्रिय इमरिस,

आज फुलांचा रविवार. सकाळी तुझ्याकडे येऊन गेलो. तुझ्या कबरीचा दगड धुतला, त्यावर चुन्याचा हात फिरवला, फुलं ठेवली. पण जे सांगायला आलो होतो ते सांगितलंच नाही. तोंडाशी आलेलं गिळलं आणि मुलाच्या, प्रसादच्या गाडीत जाऊन बसलो. म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात आम्ही सगळे कायमचे पुण्याला चाललो आहोत. पुढच्या वर्षी या दिवशी मी तुझ्यापाशी नसेन.

मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. तुझी आजी देवाशी फक्त वेल्शमध्ये बोलायची, देवाला इंग्रजी येत असेल याची तिला खात्रीच नव्हती, हे तूच सांगितलंस ना? मग माझंही मराठी तुला आता कळत असणार. आयुष्यभर इंग्रजीत 'यू' म्हणालो. आज तुला 'तू' म्हणताना बरं वाटतंय.

आठवतं, शारजातल्या खोर फक्कानच्या बंदरावर आपली पहिली भेट? तू क्रेन दुरुस्त करणारा साहेब, मी स्टोअरमधला कारकून. नाव विचारलंस. जोशी म्हणालो. "या बंदरात जोशी किती?" माझ्यासकट तिघे होते. तू खूश झालास! तुझ्या गावात सगळेच जोन्स आणि एव्हन्स, म्हणून आडनावामागे धंदा लावायचे. एव्हन्स पाव, जोन्स पोस्ट. शाळेची घंटा वाजवायचे म्हणून तुझे वडील विल्यम्स घंटा. "तर तू जोशी स्टोअर्स," असं म्हणून तू माझं बारसं करून टाकलंस. घरी आलास तेव्हा मालतीला मिसेस स्टोअर्स म्हणालास. ती आठवडाभर फुगून बसली होती.

तुला कधी कळलं का, की त्या गावाच्या गोष्टींसाठी मी किती आसुसलेला होतो? आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात विलायतेतल्या खेड्यांच्या कविता असायच्या. टेकड्या, मेंढ्या, चर्चची घंटा, ओढ्याकाठची हिरवळ. मे महिन्याच्या तापलेल्या पत्र्याखाली बसून आम्ही मे महिन्यातल्या गवताच्या कविता घोकायचो. मास्तर डोळे मिटून म्हणायचे, त्यांनीही ते गवत कधी पाहिलेलं नव्हतं. पुण्यात आमच्या शाळेच्या वाटेवर गोऱ्या सोल्जरांची जुनी दफनभूमी होती. तिच्या कुंपणापाशी आलो की कविता विसरून आम्ही पळत सुटायचो.

आणि मग त्या कवितांमधलाच एक माणूस ग्रीसने माखलेल्या हातांनी माझ्यासमोर उभा राहिला!

तू मात्र माझ्या सगळ्या कवितांवर पाणी ओतलंस. म्हणालास, "जोशी, तुझ्या पुस्तकात पाऊस लिहायला विसरले. आणि खोकला." तुझ्या आजोबांचा खोकला. पाटीच्या दगडाच्या खाणीत आयुष्य गेलेलं, छातीत धूळ बसलेली. खाणीतल्या टाकाऊ दगडांचे काळे डोंगर गावाच्या डोक्यावर उभे. आजीच्या लहानपणी शाळेत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे. दुसरं कुणी बोलताना सापडलं की पट्टी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात ती उरेल त्याला छडी. आजीच्या गळ्यात ती कितीदा उरली असेल?

परवा आमच्या इराला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "That's so mean, Ajoba." मी म्हटलं, अगं, मराठीत बोल ना. "I understand everything, okay? I just don't speak it." तिच्या गळ्यात तर कुणी काही अडकवलं नव्हतं रे. मग असं कसं झालं?

सगळंच काही रडकं नव्हतं म्हणा. तुमच्या गावात रविवारी दारूची दुकानं बंद, आणि नदीवरचा पूल ओलांडला की इंग्लंड, तिथलं दुकान उघडं. सकाळी प्रार्थनाघरात दारूविरुद्धचं प्रवचन ऐकायचं आणि संध्याकाळी तेच लोक 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणत पुलावर भेटायचे. कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही, असा नियम. सुट्टीच्या दिवशी दारूबंदीच्या शारजाची हद्द सोडून डोंगरातून अजमानला निघालास की म्हणायचास, "तेच गाव आहे जोशी, पूल तेवढा लांब झालाय." मी शेजारी संत्र्याचा रस घेऊन बसायचो. तू गायचास. ओठांतल्या ओठांत, प्रार्थनाघरातली जुनी गाणी. शब्द कळायचे नाहीत, तरी दुसऱ्या कडव्याला मीही गुणगुणायला लागायचो.

फुलांच्या रविवाराची गोष्ट तू तिथेच सांगितलीस. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सगळं गाव बादल्या घेऊन टेकडीवर जायचं. शनिवारी कबरी घासून चुना द्यायचा, रविवारी पिवळी फुलं. आणि आजीचा नियम. आपली झाली की शेजारची एक. जिच्यापाशी कुणीच येत नाही अशी एक. बादलीत चुना उरलेला असताना घरी परतायचं नाही.

मग तू शेवटचा गावी जाऊन आलास. तिथून आलेला तू तू नव्हतासच. शाळा बंद. प्रार्थनाघर कुणीतरी सुट्टीत राहायला विकत घेतलेलं, प्रवचनाच्या जागी गॅसची शेगडी. रस्त्यावर एका बाईने तुला विचारलं, "वाट चुकलात का?" ज्या गावात तुझ्या बापाने घंटा वाजवली तिथे! टेकडीवर आजीच्या दगडाभोवती गुडघ्याएवढं गवत. फुलांचा रविवारच होता, आणि एकही फूल नव्हतं. तू रुमालाने दगड पुसलास आणि पहिल्या विमानाने परत आलास.

"मी जिथे मरेन तिथेच मला ठेवा," म्हणालास. का रे? इतकं रुसायचं असतं का आपल्या गावावर? गवत तर कापताही आलं असतं. आणि बायकोमुलांचा पाश नसलेल्या माणसाने ऐन भरात उठून जायचं, आणि बादली माझ्या हातात द्यायची! आमच्यात मेलेल्या माणसाला जागाच नसते, इमरिस. मूठभर राख, तीही वाहत्या पाण्यात. फुलं कुठे ठेवायची हे मला कोण शिकवणार होतं?

पहिल्या वर्षी तर मी घोटाळाच केला. पिवळी म्हणून झेंडूचा हार आणला. दगड पांढराशुभ्र झाला, हार घातला, आणि हाताला सवय ना! खिशातल्या पुडीतलं कुंकू काढून तुझ्या नावावर बोट टेकवलं. ओल्या चुन्यात ते असं पसरलं की विचारू नकोस. रखवालदार पठाण लांबून ओरडला, "बाबा, ये साहब की शादी है क्या?" घरी आलो तर मालती दारातच. "अहो, आधी अंघोळ. कशाला हात लावू नका." ती दरवर्षी तसंच म्हणते, आणि दरवर्षी आदल्या रात्री बादलीही तीच धुऊन ठेवते.

नियमाप्रमाणे मी शेजारची एकही केली. धुळीत बुडालेली, नाव दिसेना अशी. दोन वर्षांनी तिथे एक बाई उभी. मरियम्मा, केरळची नर्स. नवऱ्याला इथे पुरलं आणि तिची बदली लांब झाली होती, यायला जमलंच नव्हतं. पांढऱ्या दगडाला हात लावून मला म्हणाली, "अंकल, ये आप किया?" हो म्हटल्यावर तिथेच खाली बसून रडली. पुढच्या वर्षापासून आम्ही दोघं बरोबर यायला लागलो.

आता माझं. प्रसादच्या कंपनीने जबल अलीतलं गोदामच बंद केलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि त्याच्या व्हिसावर आम्ही सगळे. घरात खोकी भरणं चाललंय. सकाळी चुना कालवत होतो तर प्रसाद चिडला. "बाबा, इथे सगळं खलास झालंय आणि तुम्ही बादली घेऊन बसलात?" मी चुना ढवळत राहिलो. मग तो स्वतःच गाडीची किल्ली घेऊन आला. "चला. यल्ला. ऊन चढेल."

या देशात कुणीच कायमचं नसतं हे आपण किती सहज म्हणायचो! कायमची जागा एकट्या तुला मिळाली. आणि तुझ्यापाशी यायला मात्र ज्याला त्याला व्हिसा लागतो. चुना देताना हेच मनात घोळत होतं. पुढच्या वर्षी धूळ. त्याच्या पुढच्या वर्षी नाव दिसणार नाही. तुझ्या आजीसारखंच. जे गवताने तिथे केलं ते इथे वाळू करेल.

तुला सांगवेना, पण मरियम्माला सांगितलं. ती फुलं मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो जाओ ना अंकल. मैं है ना. बाजूवाला रूल आप ही सिखाया."

"और तुम्हारा व्हिसा?"

"जब तक है, तब तक मैं है. बाद में कोई और आएगा, वो बाजूवाला करेगा, इन्शाल्ला." मग माझ्या बादलीत डोकावून म्हणाली, "अभी चुना बाकी है. घर कैसे जाएगा?"

उरलेला चुना आम्ही पलीकडच्या एका अनोळखी दगडाला दिला. प्रसादही खाली उतरला होता. बुटांवर शिंतोडे उडाले म्हणून कुरकुरत त्याने पाणी आणून दिलं.

मला पुण्याचीही धास्ती वाटते, इमरिस. तिथे कुणी मला विचारलं, 'वाट चुकलात का?' तर?

पण एक वचन देतो. शाळेच्या वाटेवरची ती गोऱ्यांची दफनभूमी अजून आहे म्हणतात. झाडी माजलीय, नावं पुसलीत. त्यात कुणीतरी तुझ्या टेकड्यांकडचा असेलच, ज्याच्या आईला तो कुठे आहे हे कधी धड कळलं नसेल. पुढच्या फुलांच्या रविवारी मी तिथे बादली घेऊन जाईन. या वेळी पळणार नाही. पाठ असलेल्या कवितांमधली एक म्हणेन, आणि कुणी येत नाही अशा एका दगडाला चुना देईन. माझी म्हणावी अशी तिथे एकही नाही. तरी शेजारची एक असेलच.

आणि बादलीत चुना ठेवून घरी परतणार नाही.

तुझा,
जोशी स्टोअर्स