मंठ्याहून पुढचा रस्ता

आई, नागपूरच्या रस्त्याबद्दल लिहायचं आहे. तू वारलीस त्या वयापेक्षा मी आता मोठी झाले, तरी त्या दसऱ्याबद्दल तुझ्याशी एकदाही बोलले नाही. मी बारा वर्षांची होते. आजीचा खुबा मोडून वर्ष झालं होतं आणि तिनं एकच धोसरा लावला होता, मरायच्या आधी पुन्हा एकदा, तिनं दीक्षा घेतली होती ती नागपूरची जागा पाहायची. रेल्वेत तिला बसवत नव्हतं. मग माझ्या वडिलांनी, दादांनी, ते कामाला होते त्या परतूरच्या गॅरेजच्या मालकाकडून भंगारात पडलेली एक छोटी बस आठ दिवसांसाठी मागून घेतली. मागच्या सीटा काढल्या, आजीची खाट दोरांनी छताला टांगली म्हणजे धक्के कमी बसतील, स्टोव्हसाठी पत्र्याची पेटी ठोकली, पाण्याची टाकी ठेवली. चाकांवरचं घरच ते. गाडी दादांची आणि रस्ता तुझा, असं ठरलं होतं.

रस्ता शोधायची तुझी रीत मास्तरणीची. वाटेवरच्या गावांतल्या शिक्षकांना तू जोडकार्डं पाठवलीस, उत्तराचं कोरं कार्ड सोबत जोडलेली. डांबर कुठपर्यंत आहे, नाल्यावर पूल आहे का, दुपारी गाडी उभी करायला सावली कुठे मिळेल. उत्तरं आली की शाळेच्या जुन्या नकाशावर तू पेन्सिलीनं खुणा करायचीस. चुलीवर भाकर, मांडीवर नकाशा, आणि तू आजीला म्हणतेस, "मंठ्यापासून दोन रस्ते हायत. लोणारचा जवळचा हाय, जिंतूरचा लांबचा. पण तुमच्या कंबरेला लांबचा बराबर पडंल." आजी म्हणते, "तू म्हणशील त्यो."

लांबच्या रस्त्यावर, वाशीमच्या अलीकडे, तुझ्याबरोबर ट्रेनिंगला असलेले एक गुरुजी राहत होते. त्यांची दोन कार्डं आली. अक्षर मोत्यासारखं. "याच रस्त्याने यावे, घरी सर्वांना आनंद होईल." ते वाचताना तू हसलीस. मी पाहिलं. आपल्या घरात कार्ड सगळ्यांनी वाचायचं असे, म्हणून मीही वाचलं, आणि मला वाटलं, याच रस्त्यानं का? दादा जेवताना म्हणाले, "लयच चिठ्ठ्या चालू हायत," आणि पुढचा घास घेतला. तेवढंच. पण त्या दिवसापासून मी तुझ्यावर नजर ठेवायला लागले. शाळेतून यायला तुला उशीर झाला की मोजायचे. नवं पातळ नेसलीस की कशासाठी ते मनात जुळवायचे. संशयाला काही लागत नाही गं, एकदा घरात आला की आपलं आपण शोधून खातो.

मग निघायच्या चार दिवस आधी पोस्टमननं माझ्या हातात पाकीट दिलं. कार्ड नाही, चारी बाजूंनी चिकटवलेलं पाकीट. तेच अक्षर. कार्डावर लिहिता येत नाही असं काय असेल, हाच एक विचार. तू आत आजीला आंघोळ घालत होतीस. मी ते दप्तरात घातलं, गॅरेजवर गेले आणि दादांना दिलं. त्यांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं. उघडलं नाही. शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "घरी जा. आईला बोलू नको."

संध्याकाळी ते म्हणाले, "लोणारवरून जायचं." तू म्हणालीस, "गुर्जीचं पत्र यायचंय, तवर ठरवू नका." ते म्हणाले, "गाडी मी चालवून राह्यलो. रस्ता मला कळतो." तू माझ्याकडे पाहिलंस, जणू मी तुझी बाजू घेईन. मी पाटी पुसत बसले.

चौथ्या दिवशी निघालो, मंठ्याहून लोणारचा रस्ता धरला आणि दुपारी गाडी तापली. टाकीतलं पाणी इंजिनात ओतून संपलं होतं. एका गावाच्या विहिरीपाशी दादांनी गाडी थांबवली. पारावरच्या एका माणसानं विचारलं, "कुठं चालले, पाव्हणं?" दादा म्हणाले, "नागपूरला." त्यानं गाडीत डोकावून आजीकडे पाहिलं. दसऱ्याला नागपूरला कोण जातं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. "मंग पानी पुढं घ्या," तो म्हणाला. दादांनी विचारलं, "पुढं कुठं?" तो म्हणाला, "पुढं म्हंजे पुढं." आवाज चढला नाही. फक्त पारावरचे आणखी तिघं उठून विहिरीच्या काठावर येऊन उभे राहिले. तू खाली उतरून म्हणालीस, "म्हातारं मानूस हाय, पेलाभर तरी द्या." कुणी हललं नाही.

तापलेली गाडी दादांनी तशीच दामटली. रस्ता खडीचा. खाटेचा एक दोर तुटला आणि आजी पत्र्यावर आपटली. तिचं ते ओरडणं. गाडी एका बाभळीखाली बंद पडली, आणि तिथं दादांनी खिशातलं पाकीट काढून फोडलं. वाचून तुझ्या हातात दिलं. गुरुजींनी लिहिलं होतं की लोणारच्या रस्त्यावर पुढे त्यांनी दोन वर्षं नोकरी केली होती, तिकडे आपल्या लोकांना पाणी मिळत नाही, आजीबाईंना त्या बाजूनं आणू नये. कार्ड गावात कुणीही वाचतं म्हणून पाकीट. आणि खाली त्यांच्या बायकोच्या हातची एक ओळ होती, आजींसाठी अंथरूण घालून ठेवते.

"हे कवा आल्तं?" तू विचारलंस.

दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चार दिस झाले. पोस्टमननं गॅरेजवर दिल्तं."

"मंग मला का न्हाई दिलं?"

"शक आल्ता."

तू पत्राची घडी केलीस. "उघडून तरी पाह्यचं," एवढंच म्हणालीस.

आजी म्हणाली, "घरी चला." एका ट्रकवाल्यानं पाणी दिलं आणि आपण मंठ्याच्या दवाखान्यात परत आलो. त्या थंडीत आजी गेली, नागपूर न पाहता. तू दादांचं सगळं केलंस, जेवण, औषध, शेवटची सेवा. पण त्यांच्या शेजारी बसून हसताना मी तुला नंतर पाहिलं नाही. दादांनी मरेपर्यंत सांगितलं नाही की पाकीट कुणी आणून दिलं. मी अनेकदा सांगायला तुझ्याजवळ आले आणि भाजी निवडून उठले.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला माहीत नाही. वहीतच राहील. तुझ्या रागाची भीती वाटायची म्हणून मी गप्प बसले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते तितकंसं खरं नाही. त्या दसऱ्यानंतर तू रात्री माझ्या अंथरुणाशेजारी अंथरूण घालायला लागलीस, मनातलं मला सांगायला लागलीस, आणि मला ते आवडत होतं.