सूड, व्हाया मीरा रोड

१ फेब्रुवारी २०२६, रविवार

बदलापूरला शिरगावात सम्यकच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश. वंदना झाली, जेवण झालं, माझा अपमान झाला.

सम्यक म्हणजे संध्याचा धाकटा भाऊ. लायसन्सवाला गाईड आहे. परदेशी पाहुण्यांना दिवसभर मुंबई दाखवतो, तीही स्पॅनिशमध्ये. एका वेळी एकच कुटुंब, एसी गाडी, सगळं प्रायव्हेट. मी त्याला बाल्कनीत घेऊन म्हटलं की बाबा, कंपनी बंद पडल्यापासून घरी बसून आहे, मलाही तुझ्या लाइनीत घे. त्याने हॉलमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भाऊजी, याला भाषा लागते."

हॉलमधल्या सगळ्यांनी जिलेबी खाणं थांबवलं. संध्या म्हणते, कोणीच थांबवलं नव्हतं. तिची पाठ होती, तिला काय दिसणार.

सूड घेणार.

२ फेब्रुवारी

सूड कसा घ्यायचा ते ठरलं. स्पॅनिश शिकायची आणि त्याच्याच लाइनीत त्याच्या पुढे जायचं. मोबाईलवर ॲप घेतलं, फुकटवालं. सूड शांत डोक्याने घ्यायचा असतो म्हणून आधी बीपीची गोळी घेतली.

५ फेब्रुवारी

ही भाषा म्हणजे काहीच नाही. पावाला पान, बटाट्याला पाताता, शर्टाला कामिसा, म्हणजे आपली कमीज. अर्धी भाषा तर मला आईनेच शिकवून ठेवलेली. सम्यक यासाठी दोन वर्षं पुण्याला जाऊन राहिला. काय करत होता कोण जाणे.

९ फेब्रुवारी

क्रियापदांचा धडा आला. एकेका क्रियापदाची सहा-सहा रूपं. क्रियापदं सोडून द्यायचं ठरवलं. पाहुण्यांना शहर बघायचं असतं, क्रियापदं नाही.

संध्याने विचारलं, सकाळपासून बाथरूममध्ये कोणाशी बोलता? सांगितलं, उच्चार चालू आहेत. ती म्हणाली, त्यापेक्षा अंबरनाथ पूर्वेला त्या मेडिकलवाल्याला माणूस हवाय, विचारून या. मोठ्या कामात असलेल्या माणसाला घरातून नेहमी असंच बोलतात.

१५ फेब्रुवारी

शिवमंदिरात महाशिवरात्रीची जत्रा, अंबरनाथ पूर्वेचे रस्ते बंद. घरीच अभ्यास. आज सर्वात लांब शब्द शिकलो. फेलिसिदादेस. चांगल्या प्रसंगी म्हणतात. तोंड भरून येतं.

१७ फेब्रुवारी

दैव माझ्या बाजूने आहे.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या चंदरशेठचा फोन. कंपनीत असताना त्यांच्या जीन्सच्या कारखान्यात माझं जाणं-येणं होतं. चिले देशातून त्यांचा एक व्यापारी आलाय, बरोबर त्याची म्हातारी आई. दोघांना इंग्रजी येत नाही, धंद्याचं बोलणं मोबाईलवर भाषांतर करून चालतं. रविवारी मुंबई बघायचीय, रात्री विमान. शेठ म्हणाले, "साईं, वो आपका साला है ना, स्पॅनिशवाला? उसको बोलो."

मी म्हटलं, सम्यक बिझी आहे, मी येतो. शेठनी विचारलं, आपको आता है? मी म्हटलं, सी, सेन्योर, म्हणजे हो, साहेब. शेठ खूश.

सम्यक बिझी आहे की नाही ते मी त्याला विचारलेलं नाही. सुडात एवढं चालतं.

१८ फेब्रुवारी

रूट तयार. धोबीघाट, हँगिंग गार्डन, मरीन ड्राइव्ह, जेवण, आणि शेवटी गेटवे. सम्यक म्हणे गेटवेने सुरुवात करतो. म्हणून मी शेवटी ठेवलं. माणसाची स्वतःची काही स्टाइल असावी.

संध्याला सांगितलं, रविवारी शेठच्या कामाला जातोय. खोटं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६

टाय लावला. संध्याने विचारलं, कारखान्यात टाय? सूड घेऊन संध्याकाळी घरी येईन तेव्हा सगळं सांगणार. सम्यकलाही फोन करणार, स्पॅनिशमध्ये.

सकाळी ९.४०, गाडीत

शेठची गाडी, शेठचा ड्रायव्हर भगवंत. व्यापाऱ्याचं नाव रोदोल्फो. आईचं नाव दोन्या एर्मिनिया. वय ऐंशीच्या घरात, केस पांढरे, अंगावर निळा स्वेटर, उकाड्यातही काढत नाहीत. प्रेमळ वाटल्या. सकाळच्या नमस्काराचं ब्वेनोस दियास म्हटलं, दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, मला राजेंद्र म्हणू नका, घरच्यासारखं काका म्हणा. स्वतःच्या छातीवर हात ठेवून तीनदा सांगितलं. काका. काका. काका.

आजींनी तोंडावर रुमाल धरला. रोदोल्फो खिडकीबाहेर बघत गदागदा हलत होता. बर्फ फुटला म्हणतात तो हाच.

११.१५, धोबीघाट

"आग्वा. मूचो आग्वा. कामिसा." पाणी, खूप पाणी, शर्ट. एवढ्यात सगळं सांगून झालं. सम्यक इथे अर्धा तास घालवतो म्हणे. रोदोल्फोने भाषांतरासाठी मोबाईल काढला, मी हाताने खाली केला. प्रायव्हेट गाईड समोर उभा असताना मोबाईल म्हणजे गाईडचा अपमान.

एक गोष्ट लक्षात आली. आजी सकाळपासून एकच मागणी करतायत. घोड्यावर नवरदेव दिसला, आजी म्हणाल्या, मीरा रोदो. वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, मीरा रोदो. गाडीच्या टपावर मांजर झोपलेलं, मीरा रोदो.

बिचाऱ्यांना मीरा रोडला जायचंय.

१२.३०, मरीन ड्राइव्ह

समुद्र बघून आजी कठड्यावर बसल्या आणि बराच वेळ माझ्याशी बोलल्या. माझा हात धरून. मार म्हणजे समुद्र, एवढा शब्द कळला. मारीदो असाही एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, तो अजून झालेला नाही. मी प्रत्येक वाक्याला सी, सी म्हणत होतो. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा भावुक क्षण, तेव्हा आपलाही सर्वात मोठा शब्द काढावा म्हणून म्हटलं, "फेलिसिदादेस."

त्यांनी हात सोडवून घेतला. रोदोल्फो माझ्याकडे बघत राहिला. चिलेची माणसं जरा तुटक वाटतात.

१.५०

गिरगावात जेवण. रोदोल्फोने चार वाट्या श्रीखंड खाल्लं, गाडीत बसल्या बसल्या झोपला. आजी गप्प. त्या का गप्प आहेत ते मला कळत होतं. सकाळपासून मीरा रोड मागतायत आणि कोणी नेत नाही. भगवंतला सांगितलं, गाडी मीरा रोडला घे. तो म्हणाला, साहेब, तिकडे काय आहे? मी म्हटलं, तुला स्पॅनिश येतं का?

कोणीतरी नातेवाईक असणार तिथे. नाहीतर एवढ्या लांबून आलेली बाई मीरा रोडचं नाव कशाला घेईल. सम्यकच्या ठरलेल्या टूरमध्ये मीरा रोड नाही. पाहुण्याच्या मनातलं ओळखणारा गाईड कोण, हे आज ठरेल.

३.३०, मीरा रोड

स्टेशनबाहेर गाडी उभी केली. आजींसाठी दार उघडलं, बोर्डाकडे हात केला आणि म्हटलं, मीरा रोड.

आजींनी बोर्डाकडे बघितलं. भाजीच्या गाड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. रोदोल्फो जागा झाला, मोबाईल काढला, त्यात काहीतरी बोलला. मोबाईलमधली बाई स्वच्छ हिंदीत म्हणाली, "हम यहाँ क्यों आए हैं?"

मी आजींकडे बोट केलं. रोदोल्फोने आईला विचारलं. आईने मान हलवली. मग दोघं खूप बोलले. आजींनी घड्याळ बघितलं आणि गाडीत बसून रडायला लागल्या. आवाज न करता, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत. आमच्या आईसारख्या.

मोबाईलमधली बाई पुन्हा म्हणाली, "मेरी माँ को सिर्फ़ पत्थर का दरवाज़ा देखना था। समुद्र वाला।"

गेटवे. सकाळपासून फक्त गेटवे.

३.४०

सम्यकला फोन केला. दुसरा उपाय नव्हता. स्पॅनिशमध्ये करणार होतो, तो मराठीत केला. तो घरी पाहुण्यांबरोबर जेवत होता. काही विचारलं नाही. म्हणाला, फोन स्पीकरवर टाका. आजी आणि तो बोलले. ऐकता ऐकता आजींनी डोळे पुसले. एकदा तर हसल्या, माझ्याकडे बघून. मग सम्यकने भगवंतला रस्ता सांगितला आणि म्हणाला, गेटवेला या, मी पोचतो.

एवढं सगळं इतक्या गोड आवाजात बोलतो हा माणूस. हे मी विसरणार नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल परत येताना लिहायचं राहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं, पण उजेड होता. सम्यक पायऱ्यांपाशी उभा. साधा शर्ट, टाय नाही. आजी त्याला धरून हळूहळू पाण्याच्या कडेला गेल्या. मी मागे. तो प्रत्येक गोष्ट आधी आजींना सांगायचा आणि मग मागे वळून मला मराठीत. मला नको होतं, तरी सांगत होता. आजींचा नवरा जहाजावर आचारी होता. तरुणपणी एकदाच मुंबईला उतरला. होडीतून येताना ही कमान समोर दिसली आणि तो उभा राहून बघायला गेला, तर पाण्यात पडला. लोकांनी बाहेर काढलं, एका कोळणीने कोरडा सदरा दिला. हीच गोष्ट तो जन्मभर सांगायचा. गेल्या वर्षी वारला. निळा स्वेटर त्याचा.

मरीन ड्राइव्हला आजी मला हेच सांगत होत्या. मारीदो म्हणजे नवरा. आणि मी अभिनंदन केलं.

सम्यकने मला जरा बाजूला घेतलं. मला वाटलं, आता घेतो हा हिशोब. तो हळूच म्हणाला, "भाऊजी, मीरा म्हणजे बघ. रोदो म्हणजे रोदोल्फो. त्या मुलाला सांगत होत्या, बघ रे, बघ." मग म्हणाला, "आणि परत कोणाला काका म्हणा म्हणू नका. स्पॅनिशमध्ये लहान मुलांच्या 'शी'ला म्हणतात ते."

आजी पायरीवर बसून पाण्यात हात घालत होत्या. मला बोलावलं. शेजारी बसवलं. बोटी येत-जात होत्या. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, सम्यक जवळ असून.

म्हणजे माझं काम त्यांना आवडलं असणार.

२४ फेब्रुवारी

सम्यक आता सगळ्यांना सांगणार. बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत प्रत्येक घरात मीरा रोड पोचणार. त्याआधी मीच काहीतरी पसरवतो. त्याचा फ्लॅट गळतो म्हणून सांगायचं का? नवा आहे. पावसाळ्यापर्यंत थांबावं लागेल.

२७ फेब्रुवारी

अजून कोणी काही बोललं नाही. संध्यालाही माहीत नाही. काल तिचा सम्यकशी अर्धा तास फोन झाला, मी दाराआड उभा होतो. सगळं बोलणं टाइल्सवर.

ही त्याची चाल आहे. गप्प राहून मारणार. कधी सांगेल या भीतीने मला झोप नाही. सांगून टाकलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

१ मार्च, रविवार

चंदरशेठचा फोन. पाहुणे खूश, आजींनी घरी पोचून निरोप पाठवला. शेठ म्हणाले, "दोनों गाइड की बहुत तारीफ़ की।"

दोनों. हा शब्द मी त्यांना परत म्हणायला लावला. विजय झाला. मग शेठ पुढे म्हणाले, सम्यकनेच फोन करून सांगितलं होतं की मोठ्या टूरला आम्ही दोघं असतो, सकाळी भाऊजी, संध्याकाळी मी. मीरा रोडचंही सांगितलं, पाहुण्यांना साधं शहर दाखवायला नेलं होतं म्हणून.

त्याने माझी बाजू सावरली. माझ्या पाठीमागे. मला न विचारता.

एवढा अपमान फेब्रुवारीतही झाला नव्हता.

३ मार्च

सम्यक घरी आला. संध्यासमोर म्हणाला, पुढच्या रविवारी एक मोठं कुटुंब आहे, दोन आज्या, चार मुलं. मी पुढे बोलत असतो, मागे कोण राहिलं कळत नाही. भाऊजी आले तर बरं होईल. त्या दिवशी त्या आजी तुमच्या शेजारीच बसल्या होत्या, सगळ्यांना ते जमत नाही. मग मला म्हणाला, "बोलायचं काही नाही, भाऊजी. नुसतं बरोबर चालायचं."

संध्याने माझ्याकडे बघितलं. कंपनी बंद पडल्यापासून तिने असं बघितलं नव्हतं. मी विचार करतो म्हटलं. विचार करायला चहा संपेपर्यंत वेळ घेतला.

धंदा आतून बघितल्याशिवाय सूड नीट घेता येत नाही. म्हणून हो म्हटलं.

८ मार्च, रविवार, पहाटे ५.३०

टाय नको असं सम्यकने सांगितलंय. त्याने एक लाल छत्री दिलीय. गर्दीत शेवटी चालायचं, कोणी रेंगाळलं तर थांबायचं, छत्री उंच धरायची. कोणी काही विचारलं तर फक्त हसायचं.

पहाटेपासून आरशासमोर सराव चालू आहे. हसणं अजून जमत नाही. छत्री जमली.