आपले पत्ते एकच होते

दि. ९ मार्च

आदरणीय साहेब,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, बाईसाहेबांचा गुडघाही आता साथ देत असेल. इकडे आम्ही मजेत. मला एका गोदामावर रखवालीचं काम लागलंय.

परवाच्या तुमच्या फोनला उत्तर द्यायचं राहिलं. तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून ‘जी साहेब’शिवाय काही फुटत नाही. म्हणून लिहितोय.

बँकेच्या दारावर पाटी लागली, ‘माजी सैनिकांना स्वस्तात घरकर्ज’, आणि वर तुमचा फोटो. माझी छाती फुगली. बायकोला म्हटलं, आपले साहेब तिथे सल्लागार आहेत, काम झालंच समज.

मॅनेजरने कागद चाळले. “सलग तीन वर्षं एका पत्त्यावर राहिल्याचा पुरावा?”

“फौजेत होतो. एका जागी ठेवलं असतं तर राहिलो असतो.”

“ते ठीक आहे हो. पण सारखा पत्ता बदलणाऱ्या माणसाचा बँकेने भरवसा कसा धरायचा?”

भरवसा! घाटात रस्त्यावर बर्फ साचलेलं असायचं, मी गाडी हाकायचो आणि तुम्ही मागे खुशाल घोरत असायचा. तेव्हा कुणाचा भरवसा होता, साहेब?

मी फोटोकडे बोट दाखवलं. “यांचं काय? यांच्या तर बदल्यांवर बदल्या झाल्या.”

तो हसला. “त्यांचं घर आमच्याच कर्जावर झालं. अधिकाऱ्यांना ती अट आम्ही लावत नाही.”

साहेब, तुमची बदली तीच माझी बदली. बाईसाहेबांची कपाटं, तुमच्या कुत्र्याची टोपली, सगळं मीच ट्रकमध्ये चढवलं. तुम्ही बंगल्यात राहिलात, मी त्याच आवारातल्या मागच्या खोलीत. फाटक एक, पत्ता एक. मग तुम्ही फिरलात ती सेवा आणि मी फिरलो ती भटकंती, हे तुमची बँक कुठल्या तोंडाने म्हणते?

हे सगळं निरोपाने कळवलं, तर परवा फोनवर तुम्ही काय म्हणालात? “अरे, एवढंच ना! मी मॅनेजरच्या कानावर घालतो, तुझं काम होऊन जाईल. फक्त चारचौघांत बोभाटा नको.” मी सवयीने ‘जी साहेब’ म्हणालो. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

कारण त्या दिवशी रांगेत माझ्यामागे आपल्याच पलटणीतल्या हवालदाराची विधवा उभी होती. तिलाही पत्त्यावरूनच परत पाठवलं. बाहेर पायरीवर ती मला म्हणाली, “भाऊ, तुमचं झालं की मला सांगा. तुमचं होईल तर माझंही होईल.” तिला मी काय सांगू? की माझं झालं, कारण मी साहेबांची गाडी चालवायचो?

आता खरं लिहितो. आम्ही मजेत नाही. घरमालकाने खोली विकली. बायको तिच्या बहिणीकडे राहते, मी गोदामातच पथारी टाकतो. तुमचा फोन आला हे कळल्यावर ती म्हणाली, “जन्मभर दुसऱ्यांची घरं हलवलीत, आता आपलं एक पदरात पाडून घ्या. हात जोडते.” मी नाही म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बहिणीच्या घरात पाहुणीसारखं अंग चोरून राहणं काय असतं, ते तिलाच ठाऊक.

तरीही माझं उत्तर नाहीच. मॅनेजरला फोन करू नका. करायचं असेल तर ती अटच काढायला लावा, सगळ्यांसाठी. नोकरीतल्या बदल्यांचे हुकूम पत्त्याचा पुरावा म्हणून धरा, एवढंच मागतोय. ते जमत नसेल तर दारावरचा तुमचा फोटो उतरवा. आमच्या नावावर शोभेला उभे राहू नका.

गुरुवारी मुख्य कचेरीत तुमची सल्लागारांची बैठक आहे, हे मला माहीत आहे. पत्त्यावरून परत पाठवलेले आम्ही बारा जण सकाळपासून फाटकाशी असू, रांगेतली ती ताईही असेल. आरडाओरडा करणार नाही, पण हलणारही नाही. तुमची गाडी आली की मी ओळखेन. यावेळी दार उघडायला मात्र पुढे येणार नाही. तुमचं तुम्ही उतरा आणि आमच्यासमोरून आत जा.

‘आपला आज्ञाधारक’ लिहायला हात सरसावला होता. आवरला.

तुमचा एकेकाळचा ड्रायव्हर
(खाली पत्ता लिहीत नाही. सध्या नाही.)