आनंद न दाखवण्याची तयारी

१४ जून २०१५
निळ्या क्लबने आज मला मोकळं केलं. सेक्रेटरी म्हणाले, तरुण मुलांना वाव द्यायचाय. म्हणजे मी मैदानात असलो की मुलं दबतात. मला हे केव्हाच कळलं होतं, त्यांच्या लक्षात यायला उशीर झाला इतकंच. वय छत्तीस. स्ट्रायकरचे पाय पंचविशीत तयार होतात, डोकं छत्तिशीत.
जाताना जिन्यातला फोटो डोळे भरून पाहिला. कपची सेमीफायनल, माझा हेडर, गोल. फोटोत मी पूर्ण आलेलो नाही. कान आलाय. पण कान कुणाचा हे जाणकाराला लगेच कळतं.
निश्चय: एक दिवस याच मैदानावर, यांच्याच गोलमध्ये बॉल घालायचा. आणि आनंद दाखवायचा नाही.

२ ऑगस्ट २०१५
पिवळ्या क्लबात रुजू. नवं गाव, नवं घर, कन्येला नवी शाळा. इथली पोरं मला दादा म्हणतात.
आमच्या खेळात एक रीत आहे. जुन्या क्लबविरुद्ध गोल केला तर नाचायचं नाही, पळत सुटायचं नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं. बाकीचे खेळाडू हे फार ढिसाळपणे करतात. एक हात अर्धवट वर, तोंडावर चोरटं हसू. मी शास्त्रशुद्ध करणार. सकाळी कपाटाच्या आरशासमोर सराव. दोन्ही पंजे वर केले तर पोलिसांनी पकडल्यासारखं दिसतं. हात जोडले तर मतं मागितल्यासारखं. शेवटी ठरलं: उजवा तळवा छातीवर, जरा डावीकडे. डोळे मिटलेले. मान खाली, पण हनुवटी गळ्याला टेकता कामा नये. श्वास रोखलेला.
ही चहा घेऊन आली, कप तिथेच ठेवून पळाली आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी नाडी पाहिली. हिला फुटबॉल कळत नाही, पण माझ्यावर जीव आहे.

१० ऑक्टोबर २०१५
पिवळे विरुद्ध निळे, निळ्यांच्या मैदानावर. मी राखीव. सेकंड हाफमध्ये कोचने वॉर्मअपला पाठवलं. मुद्दाम निळ्या प्रेक्षकांसमोरून सावकाश पळालो, सर्वांना नीट दिसावं म्हणून. पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला, अहो, बाजूला व्हा, कॉर्नर दिसत नाहीये. ओळख पटली की माणूस असाच बिचकतो आणि काहीतरी बोलून जातो.
मैदानात उतरवलं नाही. हुकमाचं पान शेवटी काढतात. आज शेवट जरा लवकर आला.

६ मार्च २०१६
पिवळ्यांच्या कोचने लॅपटॉपवर माझा धावण्याचा आलेख दाखवला. म्हणे, ही रेघ सपाट का? मी म्हटलं, समुद्रही लांबून सपाटच दिसतो. त्यांना हे झेपलं नाही. सर्टिफिकेटवाल्यांचं हेच. मी कुठल्या अकादमीत गेलो नाही, एका गोदामाच्या मागच्या भिंतीवर बॉल मारून शिकलो. भिंत हा एकमेव प्रामाणिक कोच. जेवढं द्याल तेवढं परत.
ऑफसाइडवरूनही बोलणी बसली. म्हणे, दर मॅचला झेंडा वर जातो. मी खुलासा केला: मी पुढे नसतो, बाकीचे मागे पडतात.

३० जून २०१६
हिरव्या क्लबाने हाक मारली. (एजंटने त्यांना मारली, त्यांनी ओ दिली.) पुन्हा खोकी, पुन्हा चिकटपट्टी. कन्येने विचारलं, बाबा, इथल्या मैत्रिणींचं काय करू, त्यांनाही पॅक करू का. तिचा विनोद माझ्यावर गेलाय.

१८ सप्टेंबर २०१६
हिरवे मला काका म्हणतात. प्रेमाची पायरी चढलीच.
पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. क्लबचा फिजिओ म्हणतो, बूट एक नंबर मोठा घ्या. त्याला काय सांगणार. स्ट्रायकरचा बूट एक नंबर लहानच हवा, म्हणजे बोटांना बॉलची खबर लागते. हा शोध माझा स्वतःचा. नख गेलं तर दुसरं येतं. खबर गेली की गेली.

१२ फेब्रुवारी २०१७
आता माझे जुने क्लब दोन झाले. निळ्यांविरुद्ध पूर्ण मान खाली. पिवळ्यांविरुद्ध अर्धी, तिथे आमचा संसार थोडाच काळ होता.
आज पिवळ्यांविरुद्ध मॅच. मला गोल करता आला नाही, आमच्या विंगरने केला. हात छातीवर ठेवून मीच रीत पाळली, सराव म्हणून. विंगर मला मिठी मारायला आला आणि थबकला. नंतर ड्रेसिंग रूममध्ये म्हणाला, काका, माझा गोल झाला की तुमचं तोंड का पडतं? बोलणं बंद आहे. त्यानेच ठेवलंय.

८ जुलै २०१८
तपकिरी क्लब. शर्टाचा रंग असा की चिखलात पडलं तरी कळत नाही. सोयीचं आहे.
मेहुणा याच गावात असतो. बुटांचं दुकान आहे, दोन शटरचं. स्टेशनवर घ्यायला आला आणि टेम्पोतच म्हणाला, दाजी, आता बास करा, गल्ल्यावर बसायला माणूस हवाय. मी नुसता हसलो. सिंहाला कोणी कुरण दाखवतं का?
ही मात्र खोकी उघडत नाही. लागेल ते तेवढं एकेक हाताने चाचपून काढते आणि पुन्हा पट्टी लावते. म्हणाली, उघडायची कशाला, पुन्हा भरायचीच आहेत. कन्येने जाहीर केलंय की यापुढे आम्ही हललो तर ती मामाकडे राहणार. मामा लगेच हो म्हणाला. माझ्या घरात बाहेरच्यांचा फार हस्तक्षेप आहे.

२१ एप्रिल २०१९
तपकिरी क्लबाच्या मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. सरळ माणूस. म्हणाले, या सीझनला तुमचा एकही गोल नाही. एक तरी दाखवा, म्हणजे करार वाढवण्यासाठी मला कमिटीपुढे बोलायला तोंड राहील. नाहीतर इथेच थांबू.
शेवटची मॅच कुणाशी? निळ्यांशी. त्यांच्याच मैदानावर. मी गेल्यापासून निळे दोन डिव्हिजन खाली आलेत. कारण लिहायची गरज नाही. आता आणखी घसरायचं नसेल तर त्यांना ही मॅच जिंकावीच लागेल.
दैव असं सगळं एका रेषेत आणून ठेवतं. मी फक्त त्या रेषेच्या पुढे जायचं नाही.

१० मे २०१९
उद्या मॅच. गोलचा सराव केला नाही, तो रक्तातच आहे. न आनंदण्याचा केला.
हिला म्हटलं, उद्या गोल झाला तर अजून एक वर्ष खेळणार. ती म्हणाली, हो का. आणि खोक्यावरची सुटलेली पट्टी अंगठ्याने दाबून बसवली.

११ मे २०१९, संध्याकाळ, बसमध्ये
सविस्तर लिहितो, कारण उद्या पेपरवाले चुकीचं लिहितील.
शून्य-शून्य. शेवटची काही मिनिटं. आमचा पहिला स्ट्रायकर लंगडत बाहेर आला, मॅनेजरांनी इकडेतिकडे पाहिलं, बेंचवर मीच होतो. उतरलो. आमचा कॉर्नर अर्धवट परतवला गेला, कुणीतरी लांबून तडाखा मारला, बॉल माझ्या पाठीला लागला आणि आत. पाठ मी मुद्दाम वळवली होती का, हे तज्ज्ञांनी ठरवावं.
क्षणाचाही विलंब केला नाही. उजवा तळवा छातीवर. डोळे मिटले. श्वास रोखला. मान बरोबर.
आधी जवळून हाका आल्या. आजोबा, आजोबा, काय होतंय? (तपकिरी पोरं मला आजोबा म्हणतात.) आमचा गोली, ज्याला सगळे कपाट म्हणतात, तो पूर्ण मैदान धावत माझ्यापाशी आला. कुणी माझी कॉलर सैल करत होता. मी डोळे उघडले नाहीत. रीत म्हणजे रीत. मग एक शिट्टी. मग पावलं लांब गेली. आणि मग असा जल्लोष झाला की जमीन हलली. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. निळं स्टेडियम. चार वर्षं मी याच आवाजाची वाट पाहत होतो.
डोळे उघडले. समोर लाइन्समन, झेंडा वर. ऑफसाइड, गोल रद्द. मी बॉलच्या किंचित पुढे होतो असं त्याचं म्हणणं. निळ्यांनी फ्री किक झटक्यात मारली होती, आणि कपाट माझ्या कॉलरपाशी असल्यामुळे आमचा गोल उघडा होता. एक-शून्य. निळे वाचले.
टाळ्या मात्र खऱ्या होत्या. काहीजण माझ्याकडे बोट दाखवत होते.
बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलेलं नाही. ऐसपैस आहे.

१३ मे २०१९
मॅनेजर म्हणाले, कमिटीपुढे बोललो, पण मला हसू आवरेना. करार संपला.
घरी येऊन हिला सांगितलं. ती उभी होती ती उभीच राहिली. उजवा हात छातीवर गेला, डोळे मिटले, मान किंचित खाली, श्वास रोखलेला. हुबेहूब. मी चार वर्षांत इतकं चोख केलं नसेल. खाली डॉक्टर राहतो का, हे विचारायला मी दाराशी गेलो, तेवढ्यात मागून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. एकेक करत सगळी खोकी.
कन्येने भिंतीवर खिळा ठोकायची परवानगी मागितली. दिली.

१७ जून २०१९
दुकानात पहिला दिवस. मेहुण्याला स्पष्ट सांगितलं, मी विक्री करणार नाही, मार्गदर्शन करीन. तो म्हणाला, दाजी, तुम्ही नुसते बसा.
पहिलं गिऱ्हाईक सकाळीच. प्लंबर, रविवारी मैदानावर स्ट्रायकर खेळतो. आठ नंबर मागितला. त्याला खबरीचं शास्त्र समजावून सात नंबर दिला. तो माझ्याकडे टक लावून पाहत होता. म्हणाला, काका, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. मी कान दिसेल असा बसलो. आठवेना बिचाऱ्याला.
दुपारी तो परत आला. बूट हातात, एका पायाने लंगडत. पण चेहरा उजळलेला. म्हणाला, आठवलं, तुम्ही ते छातीवाले. मी मूळचा निळ्यांच्या गावचा, मी आणि माझा भाऊ त्या दिवशी त्यांच्या स्टँडमध्येच होतो. तुमच्यामुळे आमचा क्लब वाचला, तुमचा फोटो जिन्यात लावलाय. मी विचारलं, पूर्ण? म्हणाला, पूर्ण, डोळे मिटलेला.
मग हळूच म्हणाला, तेवढा आठ नंबर द्या ना.
दिला. मेहुणा खोक्याआडून बघत होता. मी आनंद दाखवला नाही. या वेळी जड गेलं नाही.
दुकान बंद करताना एक आठ नंबर मीही घालून पाहिला. बोटं हलतात.