सदतीस कागद

डॉक्टर, तुमच्या दवाखान्याच्या जागी आता टायरचं दुकान आहे. पुण्याहून नगरला येताना सुपा लागलं की मी मोबाईलमध्ये काहीतरी बघायला लागते आणि गाव मागे पडलं की मान वर करते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत लिहावंसं वाटलं नाही असं नाही. काय लिहायचं ते नीट ठाऊक होतं, म्हणूनच लिहिलं नाही. आता लिहायला बसले ते एका मुलीमुळे. तिचं पुढे सांगते.

मी तुमच्याकडे आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. बाहेरच्या देशात सहा वर्षं डॉक्टरकी शिकून परतले होते आणि तरी डॉक्टर नव्हते. इथे प्रॅक्टिस करायची तर सरकारची एक परीक्षा द्यावी लागते: तीनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, निम्मे बरोबर आले की परवाना. मी दोनदा नापास झाले होते, दुसऱ्या खेपेला नऊ मार्कांनी. पारनेरला वडलांनी माझ्या नावाची पाटी आधीच रंगवून आणली होती. ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे उभी करून ठेवलेली होती आणि केर काढताना आई तिच्याभोवतीनं केरसुणी फिरवायची. वडील शाळामास्तर, तुमचे जुने पेशंट. त्यांनी मला एस. टी.नं सुप्याला आणलं आणि तुमच्यासमोर उभं केलं. तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "बसू दे की इथं. पण पेशंटला हात लावायचा नाही. परवाना येईपर्यंत डोळे आणि कान." मग माझ्याकडे वळलात. "काय डॉक्टरीणबाई, चालेल?" थट्टा असेल असं मला वाटलं होतं. पण तुम्ही शेवटपर्यंत मला तसंच हाक मारत राहिलात, पेशंटसमोरसुद्धा.

तुमच्या टेबलाच्या डाव्या बाजूला माझं स्टूल. समोर बाकावर कंपनीतले कामगार, बोटाला फडकं गुंडाळलेले. शेतातून आलेल्या बायका, म्हातारे. आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत क्वेश्चन बँकेचे दोन जाडजूड खंड. पेन्सिलीनं खुणा करायच्या, सगळं झालं की खोडून पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला माझं असं झालं होतं की प्रश्नाचे पहिले चार शब्द वाचले की उत्तर समोर यायचं, आणि तेही उत्तर म्हणून नाही, तर जागा म्हणून: उजवं पान, खालून दुसरा प्रश्न, क. पेशंट बोलत असायचा आणि मी टेबलाखाली पान उलटत असायचे. तुम्हाला ते दिसत होतं.

एकदा दुपारी आपण मागच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. बाईंनी, तुमच्या पत्नींनी, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण केलं होतं. तुम्ही हात धुऊन ते पुस्तक उचललंत आणि म्हणालात, बघू तर खरं. वीस प्रश्न सोडवलेत, तेही भाकरी गार होईपर्यंत. मी मागचं उत्तराचं पान उघडून तपासलं, तर नऊ बरोबर. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमीसुद्धा नापास." तुम्ही हसलात. पुस्तक पुन्हा चाळत राहिलात आणि मग म्हणालात, "प्रश्न चांगले आहेत. पण यातला पेशंट फार शहाणा आहे. वय सांगतो, किती दिवस झाले ते सांगतो, नको ते एक अक्षर बोलत नाही. आपला माणूस आधी म्हशीचं सांगतो, मग सुनेचं, आणि उठून चप्पल घालताना छातीत दुखतं म्हणतो." मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हशीचं परीक्षेत विचारत नाहीत.

मग तो दिवस. तुम्ही कुणाला तरी बघायला वाडीवर गेला होतात. कंपनीतला एक माणूस आला, खोकला, ताप, शिफ्टला जायची घाई. मी त्याला तपासलं, तुमच्या पॅडवर औषध लिहिलं आणि पाठवून दिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला डॉक्टर असल्यासारखं वाटलं. तुम्ही परत आलात, मी सांगितलं, तर तुम्ही खुर्चीत बसलासुद्धा नाहीत. गाडी तशीच वळवून कंपनीच्या गेटवर गेलात, त्या माणसाला मागे बसवून आणलंत, पुन्हा छाती ऐकलीत, घसा बघितलात, आणि मी लिहिलेलंच औषध स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंत. माझा कागद चार तुकडे करून खिशात घातलात. तो गेल्यावर म्हणालात, "औषध बरोबर होतं. तू चुकलीस." मला दोन्ही वाक्यं एकदम कशी खरी असतील ते कळेना. मी घरी जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुस्तक टेबलाखाली न ठेवता उघड्यावर ठेवून वाचायला लागले. राग होता तो. तुम्ही तोही चालवून घेतलात.

परीक्षेला दोन महिने असताना तुम्ही मला तो गठ्ठा दिलात. जुने पाठकोरे केसपेपर, बँडेजच्या पट्टीनं बांधलेले, प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात आकडा. एक ते सदतीस. प्रत्येक कागदावर एक पेशंट, मराठीत, तुमच्या त्या उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात. "ही माझी क्वेश्चन बँक," तुम्ही म्हणालात. "तुझी सवय मोडू नये म्हणून चार-चार पर्याय घातलेत." मी शेवटचा कागद उलटून बघितला आणि विचारलं, उत्तरं कुठायत. "उत्तर आणि ते का, हे लिहून आण. मग बसून बोलू." बाईंनी नंतर मला सांगितलं की तुम्ही महिनाभर रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी ओट्याशी बसून ते लिहीत होता. मी गठ्ठा घरी नेला आणि ट्रंकेत ठेवला. रोज शंभर प्रश्नांचं माझं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं. त्यात सदतीस कागदांना जागा नव्हती. परीक्षा झाली की बघू, असं मी ठरवलं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी मी आले. तुम्ही नुकतेच चर्चमधून आला होता, पांढरा शर्ट, केस विंचरलेले. विचारलंत, "सोडवले का?" मी म्हणाले, "हो. सगळे झाले." "कसे वाटले?" "सोपे होते. बहुतेक सगळे बरोबर आले." तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघितलंत. मग "बरं" म्हणालात आणि बाईंना चहा टाकायला सांगितलंत. परतीच्या एस. टी.त, पारनेर फाटा ओलांडल्यावर, माझ्या डोक्यात उजेड पडला. उत्तरं कुठे लिहिलेलीच नव्हती. बरोबर आले हे मला कशावरून कळणार होतं? तुम्हाला ते त्याच क्षणी समजलं होतं, आणि तुम्ही मला चहा पाजून बसस्टॉपपर्यंत सोडायला आला होतात.

पुढच्या आठवड्यात जाऊन खरं सांगावं असं रोज वाटलं. पण लाज वाटत होती, आणि लाजेला अभ्यासाचं निमित्त चांगलं सापडतं. मी पुण्याला महिनाभराच्या क्लासला निघून गेले. तिथेच वडलांचा फोन आला. तुम्ही सकाळी दवाखाना उघडलात, पहिला पेशंट बघितलात आणि खुर्चीतच गेलात. माती दुपारी नगरला होती. वडील म्हणाले, "येतेस ना? मी थांबतो शिवाजीनगरहून येणाऱ्या गाडीसाठी." त्या दिवशी क्लासची मोठी सराव परीक्षा होती. मी म्हणाले, नाही जमणार. मी ती सराव परीक्षा दिली आणि तिच्यात मला चांगले मार्क पडले.

पासही झाले. खोटं कशाला सांगू, क्वेश्चन बँकेनंच झाले. तुमच्या कागदांतला एकही प्रश्न आला नाही. तेव्हा ते मला माहीत नव्हतं, पण आता सगळे वाचल्यावर सांगू शकते. वडलांनी पाटी लावली. वर्षभराची इंटर्नशिप झाली आणि मला एका आरोग्य केंद्रात नोकरी लागली.

भाद्रपदातली गोष्ट. सकाळी साडेसातला एक नवरा-बायको आले. बाई माझ्याएवढीच, पोट धरून बसलेली. नवरा म्हणाला, "पहाटंपासून लई दुखतंय हिचं. एक उलटी बी झाली." मी पोट दाबलं, मऊ होतं. ताप नाही, जुलाब नाही. रात्री काय खाल्लं विचारलं. वांग्याचं भरीत, तिखट. मी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या. ती जाताना माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. दहाच्या सुमारास नवरा तिला पाठीवर घेऊन परत आला. सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, हिच्या पापण्या बघा." पापण्या अर्ध्यावर मिटलेल्या होत्या. तिला डोळे उघडता येत नव्हते, थुंकी गिळता येत नव्हती, पण मी बोललेलं कळत होतं. हात दाब म्हटलं की दाबत होती. मण्यार. मण्यारीचा दात लागलेला कळत नाही, सूज नाही, खूण नाही. झोपेत चावते आणि पहाटे पोट दुखून माणूस उठतो. हे मला येत होतं, डॉक्टर. मज्जातंतूंवर परिणाम करणारं विष कोणत्या सापाचं, हा प्रश्न मी पुस्तकात तीन वेळा बरोबर सोडवला होता. पण पुस्तकातल्या प्रश्नात साप आधीच लिहिलेला असतो. त्या बाईच्या बोलण्यात साप नव्हता.

सापाच्या विषावरचं औषध लावलं, ॲम्ब्युलन्समध्ये मी स्वतः बसले आणि नगरच्या रस्त्याला लागलो. तिचा श्वास थांबला तशी मी तोंडावर मास्क धरून फुगा दाबत राहिले. माझा उजवा हात बधिर झाला, मग डावा. नगर यायला पाच-सहा किलोमीटर उरले असताना तिची नाडी लागेना. तरी मी दवाखान्याच्या दारापर्यंत फुगा दाबत होते.

आठ-दहा दिवसांनी तिचा नवरा कसल्याशा दाखल्यासाठी केंद्रावर आला. मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. म्हणाला, "साप काय आमाला दिसलाच न्हाई मॅडम. आमी समदी खालीच झोपतो शेडात. मी हिकडं, ती तिकडं. तिलाच का चावला कुनास ठाव. तुमाला तरी कसं कळनार? तुमी गाडीत बसून आल्या, लई केलं तुमी." मी त्याला पाणी दिलं. तो पाणी प्यायला, हात जोडले आणि गेला. तो माझी समजूत काढत होता आणि मी ती काढू दिली.

त्या रविवारी पारनेरला गेले आणि दुपारी ट्रंक उघडली. बँडेजची पट्टी पिवळी पडली होती. तेराव्या कागदावर तुम्ही लिहिलं होतं: शेतावर राहणारा गडी. पहाटे पोट दुखून जाग आली. एक उलटी. ताप नाही, जुलाब नाही, पोट मऊ. रात्री काय खाल्लं हे सगळेच विचारतात. तू काय विचारशील? अ, दारू घेतोस का. ब, पूर्वी कधी असं झालं होतं का. क, घरात आणखी कुणाला दुखतंय का. ड, कुठे झोपला होतास.

आई चहा घेऊन आली आणि मी तो कागद मांडीखाली सरकवला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, रात्री कुठे झोपला होतात. सर्दी घेऊन आलेल्यालाही विचारते. सिस्टर हसतात, त्यांना वाटतं मॅडमची खोड आहे. आता मी ग्रामीण रुग्णालयात आहे आणि आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या गावातली एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसते. बाहेरून शिकून आलेली, एकदा नापास झालेली. तिची क्वेश्चन बँक मोबाईलवर आहे. उत्तर बरोबर आलं की हिरवी पट्टी उमटते. मी तिला ते बंद कर म्हणत नाही. रोज कर म्हणते, त्यानंच पास होशील. मात्र मागच्या महिन्यात तुमच्या कागदांच्या झेरॉक्स काढून तिला दिल्या, आणि उत्तर का ते लिहून आण म्हणून सांगितलं. आठ दिवसांत सगळे लिहून आणले तिनं. काही ठिकाणी तर इतकं छान लिहिलंय की तुम्ही बाईंना बोलावून वाचून दाखवलं असतं. तिच्या वहीवर बोलता बोलता आमच्या दोन दुपारी गेल्या. तुमच्याबरोबर मी एकही घालवली नाही.

परवा निघताना तिनं विचारलं, "मॅडम, बारानंतर एकदम चौदा आहे. तेरावा राहिला का तुमच्याकडे?"

मी म्हणाले, "जुने कागद आहेत, हरवला असेल."

तो हरवलेला नाही, डॉक्टर. हे लिहून झालं की हे पत्रही त्याच्याबरोबर कपाटात जाईल. ती गुरुवारी परत येणार आहे. तिला तो कागद द्यायला हवा, हे मला समजतं. पण त्याच्या खाली, ड पर्यायाशेजारी, मी त्या रविवारी एका बाईचं वय आणि गाव लिहिलेलं आहे, आणि हे कोण म्हणून तिनं विचारलं तर काय सांगायचं, ते अजून मला कुणासमोर बोलता आलेलं नाही.