श्रद्धाचं कपाळ

ते कुंकू तुझ्या बापानं लावलं होतं का रं, तू पुसायला?

प्रिय साईनाथ, खुशाली नंतर विचारीन. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र हाय, चुका काढत बसू नको.

रसायनीच्या कंपनीत आग लागली तेव्हा शेजारची श्रद्धा अर्ध्या विंचरल्या केसांनी निघाली होती. नवरा आत अडकलेला. मीच तिला दारात थांबवून ठसठशीत कुंकू लावलं, म्हटलं, मनोज धड हाय असं समजून जा. कंपनीच्या फाटकाशी ती रडत बसलेली, तेव्हा तू पेपरासाठी तिचा फोटो काढलास. संध्याकाळी मनोजला जिवंत काढून पनवेलच्या दवाखान्यात नेलं, तेही तू डोळ्यांनी बघितलंस. तरी सकाळच्या पेपरात तिचं कपाळ कोरं, बांगड्या पुसून हात मोकळे. फोन केला तर मला शिकवतोस, नाव कुठं छापलंय आजी, बघणाऱ्याच्या काळजाला लागायला नको का.

लागलं की. तिच्या सासूच्या, इंदूबाईच्या लागलं. मनोजचा डावा हात गेला, पण जीव राहिला. इंदूबाई त्याच्या उशाशी बसलेली असताना कुणीतरी पेपर नेऊन दाखवला. तेव्हापासनं एकच धरून बसली, पोरगा जिवंत असताना सुनेनं कुंकू पुसलं, वाचला कळल्यावर परत लावलं. श्रद्धानं देवापुढं शपथ घेतली. म्हातारी पेपर पुढं करते. घरी आणलेला मनोज भिंतीकडं तोंड करून पडतो. परवा श्रद्धाला शेलूला माहेरी धाडलं. आगीतनं वाचलेला संसार तू खुर्चीत बसून मोडलास.

नुसत्या शिव्या द्यायच्या असत्या तर फोन पुरला असता. पण तिला माहेरी धाडायच्या आधी इंदूबाई पेपर घेऊन माझ्या ओट्यावर आली. चार बायकांदेखत म्हणाली, "विमलबाय, फोटो तुझ्या नातवाचा. खरा ना गं?" कुंकू लावणारं बोट माझं. आणि मी म्हटलं, "माझा नातू खोटं काढत नाय." तुझी नोकरी वाचवली मी. श्रद्धा पिशवी घेऊन तिथंच उभी होती. काल इंदूबाईकडं जाऊन खरं सांगितलं, तर म्हणतात, विमलबायला आता पोरीची दया आली. म्हणून लिहिते. पुसायच्या आधीचा फोटो घेऊन रविवारी ये. झाली चूक पेपरात छापायला लाव, नोकरी गेली तर जाऊ दे. मला उत्तर धाडू नको, आईला मधे घालू नको. इंदूबाईच्या दारात, मनोजच्या देखत, तुझ्या तोंडानं तूच सांग.

तुझीच,
विमलआजी